डायलिसिसवरील स्त्रीचे मातृत्व : तासांचा हिशेब

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित व्याख्यानमालेत एका मूत्रपिंडविकारतज्ज्ञांनी दिलेले व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवी वर्षाच्या या व्याख्यानमालेत आरोग्यविषयक एक पुष्प गुंफण्यासाठी आपण मला पाचारण केलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. संयोजकांनी मला विषय दिला होता तो 'किडनीचे विकार आणि घ्यावयाची काळजी' असा. या विषयावर आपण सर्वांनी पुष्कळ ऐकले आहे, वाचलेही आहे. मीठ कमी खावे, साखर आणि रक्तदाब ताब्यात ठेवावा, वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत, हे आता शाळकरी मुलेही सांगतात. म्हणून संयोजकांच्या अनुमतीने मी विषय अंमळ अरुंद केला आहे. ज्या तरुण स्त्रीची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आहेत, जी डायलिसिसवर जगते आहे, तिला मूल होऊ शकते काय, आणि दिवस राहिले तर तिचे व बाळाचे संगोपन कसे करावयाचे, एवढ्याच प्रश्नाविषयी मी आज बोलणार आहे.

हा प्रश्न सभागृहात कोणी विचारीत नाही. तो विचारला जातो दवाखान्याच्या दाराशी, तपासणी संपल्यावर. कधी सासूबाई मागे रेंगाळतात आणि हळूच म्हणतात, "डॉक्टरसाहेब, पुढचं काही होईल का हो?" कधी ती मुलगीच, पती औषधे आणावयास खाली गेला की, मान खाली घालून विचारते. डायलिसिस म्हणजे साठीच्या पुढचा मधुमेही गृहस्थ, असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे असते. प्रत्यक्षात आमच्या खाटांवर विशी-तिशीच्या स्त्रियाही असतात. कोणाला मूत्रपिंडाच्या गाळण्यांचा दाह झालेला असतो, कोणाला ल्युपससारखा व्याधी असतो. काहींची मूत्रपिंडे तर पहिल्या बाळंतपणातील अतिरक्तस्रावाने किंवा जंतुसंसर्गाने गेलेली असतात. हे शेवटचे कारण आपल्या देशात पूर्वी फार मोठे होते. रुग्णालयातील सुरक्षित प्रसूती वाढल्या तसे ते कमी झाले, पण संपलेले नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो. निरोगी माणसाची मूत्रपिंडे आठवड्याचे १६८ तास अखंड काम करतात; त्यांना रात्र नाही, सुटी नाही. डायलिसिसचे यंत्र हेच काम किती वेळ करते? सर्वमान्य पद्धत आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी चार तास, अशी आहे. म्हणजे बारा तास. आपल्याकडे खर्चापायी, अंतरापायी कितीतरी रुग्ण आठवड्यातून दोनदाच येतात. त्यांचे झाले आठ तास. उरलेल्या तासांत रक्तात युरिया साठतो, पोटॅशियम वाढते, अंगात पाणी चढते. प्रौढ शरीर हे सारे पथ्यपाण्याच्या बळावर सोसते. उदरातील गर्भाला पथ्य ठाऊक नसते. आईच्या रक्तातील युरिया वारेतून पलीकडे जातो आणि गर्भाच्या रक्तातही जवळपास तेवढाच होतो. बाळ नऊ महिने त्या रक्तावर वाढावयाचे असते. माझ्या आजच्या सांगण्याचा गाभा हाच आहे की या गर्भाचे भवितव्य डायलिसिसच्या तासांशी बांधलेले आहे, आणि तास ही गोष्ट माणसांना वाढवून देता येते.

हे वैद्यकशास्त्राला समजावयास बराच काळ लागला. नेदरलँड्समधील विलेम कोल्फ यांनी महायुद्धाच्या धामधुमीत, १९४३ साली, कृत्रिम मूत्रपिंडाने रुग्णावर उपचार सुरू केले. १९४५ साली त्यांची एक वृद्ध रुग्ण स्त्री त्यातून वाचली. तरीही प्रत्येक वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागत असल्याने हा उपचार थोड्या दिवसांचाच होता. १९६० साली अमेरिकेत सिएटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातावर कायमची नळी बसविण्याची युक्ती काढली, १९६६ साली फिस्टुलाची शस्त्रक्रिया आली, आणि मूत्रपिंडे गेलेली माणसे वर्षानुवर्षे जगू लागली. माणसे जगू लागली की संसार आलाच. इटलीमधील कॉन्फोर्टिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली एका डायलिसिसवरील स्त्रीने पूर्ण दिवसांच्या बाळाला जन्म दिल्याचे प्रसिद्ध केले. वैद्यकीय वाङ्मयातील ती पहिली नोंद.

त्यापुढची वीस-पंचवीस वर्षे मात्र निराशेची होती. युरोपातील डायलिसिस-संघटनेने १९८० साली ११५ गर्भधारणांचा आढावा घेतला. ज्यांनी गर्भ पुढे ठेवला, त्यांच्यापैकी शंभरात तेवीस जणींनाच जिवंत बाळ हाती लागले. त्या काळातील डॉक्टर अशा स्त्रीला गर्भ राहिला की तो काढून टाकण्याचाच सल्ला देत, यात नवल नाही. अमेरिकेत डॉ. सुझन हू यांनी अशा स्त्रियांची राष्ट्रीय नोंदवही चालविली. १९९८ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा डायलिसिसवर असताना गर्भ राहिलेल्यांत बाळ वाचण्याचे प्रमाण शंभरात चाळीस होते. गर्भ राहिल्यानंतर डायलिसिस सुरू करावे लागलेल्यांत ते त्र्याहत्तरच्या आसपास होते, कारण त्यांची स्वतःची मूत्रपिंडे अजून थोडेफार काम करीत होती. हे थोडेफार काम किती मोलाचे असते पाहा! जाता जाता सांगतो, याच डॉ. हू यांनी २००२ साली आपल्या एका रुग्णाला स्वतःचे एक मूत्रपिंड दिले.

खरी कलाटणी मिळाली कॅनडात. टोरांटो येथे काही रुग्ण घरीच, रात्री झोपेत, आठ-आठ तास डायलिसिस घेत. त्यांच्यापैकी पाच स्त्रियांच्या सात गर्भधारणांचा वृत्तांत २००८ साली आला. सहा बाळे जिवंत जन्मली, सरासरी छत्तीस आठवड्यांची आणि सुमारे दोन किलो चारशे ग्रॅम वजनाची. गर्भारपणी या स्त्रियांचे डायलिसिस आठवड्याला सुमारे अठ्ठेचाळीस तास होत होते. २०१४ साली टोरांटोच्या बावीस गर्भधारणांची अमेरिकेतील सत्तर गर्भधारणांशी तुलना प्रसिद्ध झाली. ज्यांना आठवड्याला छत्तीस तासांहून अधिक डायलिसिस मिळाले, त्यांच्यात जिवंत बाळाचे प्रमाण शंभरात पंच्याऐंशी. ज्यांना वीस तास किंवा त्याहून कमी मिळाले, त्यांच्यात अठ्ठेचाळीस. पहिल्या गटात बाळे साधारणतः अडतिसाव्या आठवड्यात जन्मली, दुसऱ्या गटात अठ्ठाविसाव्या. अठ्ठाविसाव्या आठवड्याचे बाळ म्हणजे काय, हे ज्यांनी नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागात काचेआडून पाहिले आहे, त्यांना निराळे सांगावयास नको.

"आमच्याकडे रात्रभर घरी यंत्र लावणे कसे जमायचे?" असे आपण म्हणाल. योग्य शंका आहे. म्हणून मला ब्राझीलमधील साओ पावलोचा अनुभव अधिक जवळचा वाटतो. तेथे घरचे यंत्र नव्हते. नेहमीच्याच केंद्रात, नेहमीच्याच यंत्रावर, गर्भवतीला रोजच्या रोज बोलावीत. तास टोरांटोइतके नव्हते, पण मध्ये खाडा नव्हता. २०१० साली त्यांनी बावन्न गर्भधारणांचा अहवाल दिला. त्यांतील सत्त्याऐंशी टक्के यशस्वी ठरल्या. रुग्णसंख्या लहान आहे, जाणकारांचा हात त्यामागे आहे, हे मान्य करूनही, सामान्य केंद्राला हे साधण्याजोगे आहे एवढे त्यातून दिसते.

अधिक तासांनी नेमके काय साधते? गर्भाच्या रक्तात युरिया जास्त असला की त्याची कोवळी मूत्रपिंडे भरमसाट मूत्र तयार करू लागतात. ते मूत्र गर्भजलातच जाते. गर्भजल वाढते, गर्भाशय ताणते, आणि सातव्या महिन्यातच कळा सुरू होतात. अकाली प्रसूतीचे हे एक मोठे कारण. सोनोग्राफीत गर्भजल वाढलेले दिसले की आम्ही प्रथम डायलिसिस वाढवितो, आणि पुष्कळदा ते पाणी उतरते. दुसरा लाभ असा की रोज डायलिसिस असले म्हणजे प्रत्येक वेळी थोडेच पाणी काढावे लागते. आठवड्यातून दोनदा येणाऱ्या रुग्णाच्या अंगातून एका बैठकीत तीन-चार लिटर पाणी ओढले जाते, रक्तदाब धाडकन उतरतो, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. गर्भवतीच्या बाबतीत त्या घटकेला वारेचा रक्तपुरवठाही आटतो.

रक्तातील युरियाचे प्रमाण हाच आमचा मापदंड. डायलिसिसपूर्वी युरिया नायट्रोजन ५०च्या आत असावे, त्याहून कमी असल्यास उत्तम. येथे घरच्यांसाठी एक सूचना. आपल्याकडील बऱ्याच प्रयोगशाळा 'युरिया' असा आकडा देतात, 'युरिया नायट्रोजन' असा नव्हे. पहिला आकडा दुसऱ्याच्या दुपटीहून थोडा अधिक असतो. अहवाल वाचून घाबरण्यापूर्वी किंवा निश्चिंत होण्यापूर्वी कोणता आकडा आहे ते पाहावे.

आता गर्भ राहिल्याचे कळते कसे, ते सांगतो. कारण येथेच मौल्यवान आठवडे वाया जातात. मूत्रपिंडे गेली की संप्रेरकांचा तोल ढळतो, पाळी अनियमित होते किंवा बंद पडते, बीजनिर्मिती क्वचित होते. त्यामुळे अशा स्त्रियांना गर्भ राहण्याचे प्रमाण कमी असते. पण कमी म्हणजे शून्य नव्हे! पाळीच नाही म्हणून गर्भ राहणार नाही, या समजुतीत जोडपी बेसावध राहतात. मळमळ होते, ती किडनीची म्हणून सोडून दिली जाते. वजन वाढते, ते पाणी समजून यंत्राने ओढले जाते. लघवीच होत नसेल तर लघवीची तपासणी तरी कशी करणार? रक्ताची गर्भचाचणीही डायलिसिसवरील स्त्रीत फसवी ठरू शकते. गर्भ नसतानाही ते संप्रेरक रक्तात थोडे वाढलेले असते. निर्णय सोनोग्राफीनेच करावयाचा. माझा अनुभव असा की तरुण स्त्रीचे हिमोग्लोबिन औषधे तीच असताना अकारण उतरू लागले, तर डॉक्टरच्या मनात गर्भाची शंका आली पाहिजे.

याच संदर्भात, जिला अद्याप किडनीचा विकार आहे हेच ठाऊक नाही अशा गर्भवतीविषयी दोन शब्द. गर्भारपणी रक्त गाळण्याचा वेग वाढतो, त्यामुळे रक्तातील क्रिएटिनिन एरवीपेक्षा उतरते. ते साधारण ०.४ ते ०.८ असते. अहवालावर १.० हा आकडा 'नॉर्मल' म्हणून छापलेला असला तरी गर्भवतीत तो नॉर्मल नाही. पायांवर सूज, वाढलेला रक्तदाब आणि लघवीत प्रथिने असली, तर 'गर्भारपणात असे व्हायचेच' म्हणून स्वस्थ बसू नये.

गर्भ निश्चित झाला की पहिले काम औषधांची यादी पुढे घेण्याचे. रक्तदाबाच्या रुग्णांना सर्रास दिली जाणारी एनालाप्रिल, रामिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन ही औषधे गर्भाला घातक आहेत. ती डॉक्टरांनी त्वरित बदलावयाची असतात. मिथिलडोपा, लॅबेटॅलॉल, निफेडिपिन ही त्यांची जागा घेतात. कोलेस्टेरॉलच्या गोळ्याही सामान्यतः थांबवितात. फॉलिक अॅसिड अधिक मात्रेत द्यावे लागते, कारण पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे रोजच्या डायलिसिसने वाहून जातात. एरिथ्रोपोएटिनच्या इंजेक्शनांची मात्रा दीडपट-दुपटीपर्यंत न्यावी लागते, लोह शिरेतून द्यावे लागते. हिमोग्लोबिन १० ते ११ राखावयाचे. रक्त चढविणे शक्य तो टाळावे. परक्या रक्तामुळे शरीरात प्रतिद्रव्ये तयार होतात आणि पुढे मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या वेळी जुळणारा दाता मिळणे कठीण होते. बाराव्या आठवड्यापासून अल्प मात्रेत अॅस्पिरिन देतात, ते प्रीएक्लॅम्प्सिया या रक्तदाबाच्या भयंकर विकारास थोडाफार आळा घालण्यासाठी.

सर्वांत नाजूक काम कोरड्या वजनाचे. डायलिसिस संपल्यावर रुग्णाचे वजन किती असावे, हा आकडा प्रत्येकाच्या कागदावर लिहिलेला असतो आणि एरवी तो महिनोन्महिने बदलत नाही. गर्भवतीचा आकडा मात्र दर आठवड्याला तपासावा लागतो. पहिल्या तीन महिन्यांत एक-दीड किलो, त्यानंतर आठवड्याला सुमारे ३०० ते ५०० ग्रॅम, एवढी वाढ बाळाची आणि गर्भारपणाची धरावयाची. जुन्याच आकड्यावर यंत्र लावले, तर बाळाच्या वाट्याचे पाणी आपण ओढून घेतो. आकडा उगाच वाढविला, तर रक्तदाब चढतो. हे काम कोणतेही यंत्र करीत नाही. हात लावून सूज पाहणारा, रोजचा रक्तदाब पाहणारा जागरूक तंत्रज्ञ आणि डॉक्टर लागतो. यंत्रातील द्रावणही बदलावे लागते. रोज डायलिसिस होऊ लागले की पोटॅशियम खूपच उतरू शकते, म्हणून द्रावणात ते वाढवितात. शेवटच्या महिन्यांत रुग्णेला डाव्या कुशीवर निजवून डायलिसिस करावे, म्हणजे गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर पडत नाही.

महिला मंडळाच्या भगिनींसाठी एक घरगुती गोष्ट. डोहाळजेवणाला हिरवा चुडा भरतात. ज्या हातावर फिस्टुला आहे, त्या हातात घट्ट बांगड्या भरू नयेत. त्या हाताने जड वस्तू उचलू नये, त्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नये. फिस्टुला बंद पडला, तर आपण ज्या तासांचा हिशेब करतो आहोत तो तेथेच थांबतो.

डोहाळ्यांचा विषय निघालाच आहे, तर आहाराकडे वळू. गर्भवतीला शहाळे पाजावे, ही आपल्याकडची प्रेमाची रीत. डायलिसिसवरील स्त्रीला शहाळ्याचे पाणी, विशेषतः सुटीच्या दिवशी, जीवघेणे ठरू शकते, कारण त्यात पोटॅशियम भरपूर असते आणि पोटॅशियम वाढले की हृदय बंद पडते. आंबट खावेसे वाटते म्हणून करंबळ, म्हणजेच कमरख, तर अजिबात देऊ नये. त्यातील विषद्रव्य निरोगी मूत्रपिंडे बाहेर टाकतात. ज्यांची मूत्रपिंडे गेली आहेत त्यांना न थांबणारी उचकी, बेशुद्धी, झटके येऊन मृत्यूही ओढवलेले आहेत. मला वाटते, ही एक गोष्ट तरी आपण घरी जाऊन अवश्य सांगावी.

प्रथिनांचा प्रश्न शाकाहारी कुटुंबात विशेष लक्ष देण्याजोगा. या स्त्रीला दर किलो वजनामागे दीड ते एक दशांश आठ ग्रॅम प्रथिने रोज लागतात. पन्नास किलो वजनाच्या स्त्रीला म्हणजे ७५ ते ९० ग्रॅम. तीस ग्रॅम कच्ची डाळ सुमारे सात ग्रॅम प्रथिने देते, एक पेला दूध सहा-सात ग्रॅम, पन्नास ग्रॅम पनीर नऊ-दहा ग्रॅम. वरण-भाताच्या एका वाटीने हा हिशेब पुरा होत नाही, हे लक्षात येईल. एरवी डाळ, दूध, पनीर यांवर आम्ही पोटॅशियम आणि फॉस्फरसमुळे बंधने घालतो. तास वाढले की ही बंधने बरीच सैल होतात. अधिक डायलिसिसने ताटही मोठे होते, असे म्हणा ना! सोयाबीन, मूग, दही यांची जोड द्यावी, ब-१२ जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्यावी. आपल्याकडे वर्ज्य असलेली बटाट्यासारखी कंदमुळे पोटॅशियमच्या दृष्टीनेही वाईटच, तेवढी एक अडचण आपोआप दूर होते. उपवासाविषयी बोलण्याचा मला धार्मिक अधिकार नाही. वैद्य म्हणून एवढेच सांगतो की या अवस्थेत दीर्घ उपवास गर्भाच्या वाढीला बाधक आहे. व्रताची ज्यांना ओढ आहे, त्यांनी आपल्या गुरूंपुढे प्रकृतीची पूर्ण हकीकत ठेवून मार्गदर्शन घ्यावे. सूर्यास्तापूर्वीचे भोजन मात्र उत्तम जमते. फक्त डायलिसिसची पाळी सकाळची घ्यावी, म्हणजे जेवण चुकत नाही.

प्रसूती अशा ठिकाणी व्हावी, जेथे मूत्रपिंडतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि नवजात शिशूंचा विभाग एका छताखाली आहेत. केवळ डायलिसिस आहे म्हणून सिझेरियन करण्याचे कारण नाही. झटक्यांसाठी दिले जाणारे मॅग्नेशियम सल्फेट येथे फार जपून द्यावे लागते, कारण ते शरीराबाहेर टाकणारी मूत्रपिंडेच नाहीत. बाळाविषयी एक मोठी भीती लोकांच्या मनात असते, की त्याचीही किडनी बिघडलेली असेल. आईचा विकार अनुवंशिक नसेल, तर तसे काही नाही. जन्मतः बाळाच्या रक्तात युरिया आईइतकाच असतो, पण त्याची मूत्रपिंडे लगेच कामाला लागतात. पहिले एक-दोन दिवस ते इतके मूत्र विसर्जित करते की शरीरातील पाणी कमी पडण्याचा धोका असतो. म्हणून त्याचे वजन आणि क्षार डोळ्यांत तेल घालून पाहावे लागतात. आई अंगावर पाजू शकते. तिची औषधे मात्र डॉक्टरांना दाखवून घ्यावीत.

एवढे ऐकून कोणास वाटेल की मी डायलिसिसवरील प्रत्येक सुनेला मूल होऊ द्या असे सांगतो आहे. तसे मुळीच नाही. सर्व काळजी घेऊनही काही बाळे हातची जातात, काही फार लवकर जन्मतात, आणि आईचा रक्तदाब तिच्या जिवावर उठू शकतो. जिचे वय आणि प्रकृती साथ देते, जिला दाता मिळण्याची आशा आहे, तिने आधी प्रत्यारोपण करून घ्यावे, हाच सामान्यतः उत्तम मार्ग. नवे मूत्रपिंड बसले की काही महिन्यांत पाळी पूर्ववत होते. मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर पहिले बाळंतपण झाले ते १९५८ साली, अमेरिकेत. इडिथ हेल्म या स्त्रीला १९५६ साली तिच्या जुळ्या बहिणीने मूत्रपिंड दिले होते. प्रत्यारोपणानंतर निदान एक वर्ष, शक्यतो दोन वर्षे थांबावे. मायकोफेनोलेट हे औषध गर्भाला घातक असल्याने गर्भधारणेपूर्वी किमान सहा आठवडे बंद करून दुसरे सुरू करावे लागते. उलट, डायलिसिसवरच गर्भ राहिला तर एक अडचण अशी येते की गर्भामार्फत पतीच्या पेशींची ओळख स्त्रीच्या शरीराला होते, प्रतिद्रव्ये बनतात, आणि पुढे पतीचेच मूत्रपिंड तिला चालेनासे होऊ शकते.

पण पती मूत्रपिंड देतो का? येथे मला थोडे कडू बोलावे लागेल. राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे १९९५ ते २०२१ या काळात देशात ३६,६४० प्रत्यारोपणे झाली. त्यांतील २९,६९५ अवयव पुरुषांना मिळाले आणि ६,९४५ स्त्रियांना. जिवंत दात्यांत मात्र बहुसंख्या स्त्रियांची असते. पत्नी पतीला देते, आई मुलाला देते. सून आजारी पडली की तिच्या माहेरी निरोप जातो. ज्या घराला तिच्याकडून नातवंड हवे आहे, त्या घराने तिच्यासाठी दात्याचा विचार केला का, हे मी आता सरळ विचारतो.

निर्णय तिचा असावा, आणि तो आधी व्हावा. डायलिसिस सुरू झालेल्या प्रत्येक तरुण जोडप्याशी संततिनियमनाविषयी बोलणे हे आमचे कर्तव्य आहे, आणि ते आम्ही डॉक्टर संकोचापोटी पुष्कळदा पार पाडीत नाही. इस्ट्रोजेनयुक्त गोळ्या अशा स्त्रियांना सामान्यतः देत नाहीत, कारण त्यांनी रक्तदाब आणि गुठळ्यांचा धोका वाढतो. इतर साधने आहेत, त्यांतील योग्य ते स्त्रीरोगतज्ज्ञ सुचवितात. अहिंसा मानणाऱ्या कुटुंबाला गर्भपाताचा प्रश्न किती यातना देतो, हे मी दवाखान्यात पाहिले आहे. आईच्या जिवाला धोका असेल तेव्हा कायदा परवानगी देतो. पण तो प्रसंगच येऊ नये म्हणून आधीचे बोलणे.

आणि जिने जाणून-समजून गर्भ ठेवला, तिला तास कोठून मिळावयाचे? २०१६ सालापासून पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांत गरिबांना मोफत डायलिसिस मिळू लागले, आपल्या राज्याची महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनाही आहे. परंतु केंद्रांचे वेळापत्रक बसविलेले असते ते आठवड्यातून दोन-तीनदा येणाऱ्या रुग्णांसाठी. आठवड्यातून सहा दिवस आणि चार तास, असे धरले तरी चोवीस तास होतात. टोरांटोचे छत्तीस नव्हेत, पण आठापेक्षा तिप्पट. आठव्या आठवड्यात गर्भ कळला आणि छत्तिसाव्यापर्यंत पोहोचावयाचे, तर मध्ये अठ्ठावीस आठवडे. आठवड्याला सहा याप्रमाणे १६८ बैठका. ती तीनदा येत असेल तर त्यांतील ८४ अधिकच्या, दोनदा येत असेल तर ११२. एका बाळासाठी एवढ्या अधिक बैठकांची तरतूद, रोजच्या येण्या-जाण्यासाठी वाहन, घरातील स्वयंपाक आणि मोठे मूल सांभाळणारे दुसरे कोणीतरी. धर्मादाय संस्थांनी चालविलेली डायलिसिस केंद्रे गावोगावी आहेत. त्यांनी सकाळच्या पाळीतील एक यंत्र अशा रुग्णेसाठी राखून ठेवता येईल अशी सोय नियमांत करून ठेवली, तर प्रसंग येईल तेव्हा सभा बोलावण्यात दोन आठवडे जाणार नाहीत. अशी रुग्ण वर्षानुवर्षांत एखादीच येईल. एरवी त्या यंत्रावर दुसरा कोणी रुग्ण असेलच. त्याला दुपारची पाळी घेण्याची विनंती करावी लागेल. माझा अनुभव आहे की कारण सांगितले तर कोणी नाही म्हणत नाही.

 कोणास वैयक्तिक विचारावयाचे असल्यास व्याख्यानानंतर मी येथेच थांबणार आहे.